मका 18 दिवसांचा, पानांवर पांढरे चट्टे: फवारू की थांबू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सिल्लोडकडे साडेतीन एकर मका, पेरून 18 दिवस झाले. बियाणं कंपनीकडूनच रंग लावून आलेलं. निंदायला आलेल्या बायकांनी सांगितलं की पानांवर पांढरे चट्टे दिसतायत. पूर्वेच्या बांधाला लागून शेजाऱ्याचा महिन्याचा मका आहे आणि त्याची पार चाळण झालीय. दुकानदारानं तीन बाटल्या एकत्र करून मारायला दिल्यात. वडील म्हणतात, मका पुन्हा पोंगा (मधल्या कोवळ्या पानांची गुंडाळी) काढतोच, कशाला घाई? मग फवारू की थांबू?

बाटल्या आज फोडू नका. पण हातावर हात ठेवून बसूही नका. आज संध्याकाळी, नाहीतर उद्या सकाळी ऊन चढायच्या आत, शंभर झाडं मोजा. तासाभराचं काम आहे. आकडा आल्याशिवाय दुकानदार बरोबर की वडील बरोबर, हे मलाही इथं बसून सांगता येणार नाही. दोघांचंही म्हणणं ठरावीक परिस्थितीत खरं असतं.

या चट्ट्यांमागे संशय आहे तो अमेरिकन लष्करी अळीचा. आधी ही अळी कोण ते बघू, कारण नावावरूनच घोळ होतो. आपल्याकडे ज्वारीवर झुंडीनं येणारी जुनी लष्करी अळी होती, जुन्या माणसांच्या डोक्यात तीच आहे. मक्याचा पोंगा खाणारी ही वेगळी. ही मूळची अमेरिका खंडातली. 2016 मध्ये आफ्रिकेत पोचली, 2018 च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्ग्याकडे मक्यावर सापडली आणि त्याच वर्षी आपल्या सोलापूर भागात आली. 2019 च्या खरिपात तर राज्यात मका असेल तिथं ही होतीच. तिचा पतंग वाऱ्याबरोबर एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे "आमच्या गावात नाही" या वाक्याला फारसा अर्थ राहिलेला नाही.

आता लवकर बघायचं म्हणजे किती लवकर, आणि का. अंड्यातून निघते तेव्हा ही अळी पावणेदोन मिलिमीटरची असते, मोहरीच्या दाण्याएवढी. सहा अवस्था पार करून पूर्ण वाढते तेव्हा साडेतीन सेंटीमीटर. हे सगळं दोन ते तीन आठवड्यांत उरकतं. आणि आयुष्यभरात ती जेवढं खाते, त्यातलं तीन चतुर्थांशाहून जास्त शेवटच्या दोन अवस्थांत खाते. म्हणजे बांधावर गाडी उभी करून जे नुकसान दिसतं, ते बहुतेक वेळा मोठ्या अळीनं केलेलं असतं. ती तेव्हा पोंग्याच्या तळाशी, स्वतःच्याच विष्ठेच्या बुचाखाली बसलेली असते. फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. पोचला तरी तेवढ्या डोसनं मरेलच असं नाही. चार दिवसांनी ती आपणहून खाली उतरते, मातीत दोन ते आठ सेंटीमीटर खोल जाऊन कोषात बसते, आणि शेतकऱ्याला वाटतं औषधानं काम केलं.

म्हणून उगवणीनंतर सातव्या-आठव्या दिवसापासून बघायला लागायचं आणि पहिला महिनाभर आठवड्यातून दोनदा बघायचं. दोनदा का, तर अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात. आठ दिवसांतून एकदा गेलात तर अंडी घातल्यापासून अळी पोंग्यात शिरेपर्यंतचा सगळा खेळ तुमच्या दोन फेऱ्यांच्या मध्येच होऊन जातो.

तुमच्या बियाण्याच्या रंगाचं सांगतो. पिशवीवरचं लेबल नीट वाचा. नुसती बुरशीनाशकाची प्रक्रिया असेल तर अळीच्या बाबतीत तिचा काही उपयोग नाही. सायॲन्ट्रानिलीप्रोल आणि थायमेथोक्झाम यांचं मिश्रण लावलेलं असेल तर साधारण पंधरा-वीस दिवस संरक्षण मिळतं. म्हणजे तुमचं संरक्षण आता संपत आलंय, आणि चट्टे नेमके आता दिसतायत. हे जुळतंय. रंग बघून निर्धास्त राहिलेली शेतं तिसऱ्या आठवड्यात एकदम सापडतात, हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

आता चट्टा. पान तोडा आणि सूर्याकडे धरा. लहान अळी पानाला भोक पाडत नाही, एका बाजूचा हिरवा गर खरवडून खाते आणि पलीकडची पातळ साल तशीच ठेवते. उजेडात धरलं की तिथं खिडकीच्या काचेसारखं आरपार दिसतं. नखानं दाबलं की ती साल फुटते. हे असेल तर अळी लहान आहे किंवा दोन-चार दिवसांपूर्वी लहान होती. पण पांढरं दिसणारं सगळंच अळीचं नसतं. जस्ताची कमतरता असली तर नव्या पानावर मधल्या शिरेच्या बाजूनं फिकट रुंद पट्टा येतो. तो सलग असतो आणि पान उजेडात धरलं तरी आरपार दिसत नाही. तणनाशक पोंग्यात जास्त पडलं तरी कधीकधी पान पांढुरकं पडतं, आणि तुमचा मका नेमका तणनाशकाच्या वयाचा आहे. तुम्ही मारलं की नाही ते लिहिलेलं नाही. मारलं असेल तर हा सूर्याचा प्रयोग आधी करा.

दुसरी शोधायची गोष्ट म्हणजे अंड्यांचा पुंजका. शंभर-दोनशे अंडी एका ठिकाणी, बहुतेक पानाच्या खालच्या बाजूला, कधी वर, कधी खोडाजवळ. मादी त्यावर स्वतःच्या अंगावरची करडी लव पसरते, त्यामुळे तो पुंजका बुरशी आल्यासारखा किंवा कापसाचा मळका बोळा चिकटल्यासारखा दिसतो. खोडकिड्याची अंडी याहून वेगळी. ती चपटी, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चढलेली आणि उघडी असतात, वर लव नसते. पुंजका सापडला की अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चिरडायचा. दोनशे अळ्या दोन सेकंदांत गेल्या, याहून स्वस्त औषध अजून बाजारात आलेलं नाही. एक मादी अशी दीड-दोन हजारांपर्यंत अंडी घालते, तेव्हा दिसला पुंजका सोडून पुढं जाऊ नका.

पोंगा उघडायला मात्र शिकावं लागतं. बहुतेक जण वरून डोकावतात आणि "काही नाही" म्हणतात. एका हातानं झाड मुळाजवळ धरा, दुसऱ्या हातानं पोंग्याची गुंडाळी उलट्या दिशेनं हळूच सैल करत जा. पहिलं बाहेरचं पान सुटतं, त्याच्या आत दुसरं, फिकट पोपटी, ओलसर. लहान अळ्या या दोन पानांच्या सांध्यात चिकटलेल्या असतात. पिवळट हिरव्या, डोकं काळं, केसाच्या तुकड्याएवढ्या. पान हलवलं की धाग्याला लोंबकळतात आणि वाऱ्यानं शेजारच्या झाडावर जातात. म्हणूनच सुरुवातीला नुकसान ठिपक्याठिपक्यांनी दिसतं, मध्ये एक झाड जास्त खाल्लेलं आणि भोवती पाच-सात झाडांना थोडे थोडे चट्टे. आणखी आत गेलात की बारीक दाण्यांसारखी विष्ठा. ती ओली, हिरवट पिवळी असेल तर अळी आत आहे. कोरडी, तपकिरी, फुंकर मारली की उडणारी असेल तर अळी निघून गेलेली असू शकते. प्रत्येक ठिकाणी एखादं झाड पूर्ण उपटून उभं चिरून बघा. शंभरात पाच झाडं गेली तरी चालेल, त्यातून जे कळतं ते वरवर बघून कळत नाही.

सापडलेली अळी तळहातावर किंवा पांढऱ्या कागदावर घ्या आणि मोबाईलचा कॅमेरा मोठा करून बघा. थोडी मोठी असेल तर डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटं काढल्यासारखी पांढरी रेघ दिसते, आणि शेपटीकडच्या शेवटून दुसऱ्या खंडावर चार काळे ठिपके चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर ठेवल्यासारखे दिसतात. हे चार ठिपके हीच तिची पक्की खूण. पण अगदी लहान अळीत या खुणा स्पष्ट नसतात. तिथं खिडक्या, पुंजका आणि घोळक्यानं असणं यावरून ओळखायचं. "वाय दिसला नाही म्हणजे ती नाही" असं म्हणू नका.

खोडकिडा असेल तर चित्र वेगळं. पोंग्यातून उलगडलेल्या पानावर सुई टोचल्यासारखी गोल छिद्रं एका ओळीत आडवी दिसतात, अळी मळकट पांढरी आणि अंगावर ठिपक्यांच्या रांगा असलेली. पोंगा वाळून पोंगेमर झाली आणि ओढताच सुळकन हातात आली तर खोडकिड्याचा संशय घ्या. पण लष्करी अळीसुद्धा लहान झाडाचा कोंब खाली जाऊन कापते, तेव्हा पोंगेमर दिसली की झाड चिरून अळी बघितल्याशिवाय नाव ठरवू नका. नाकतोडा पान कडेकडेनं खातो आणि पोंग्यात विष्ठा सोडत नाही. त्यावर इतकंच.

आता मोजणी. इथंच सगळी गंमत आहे. शेतात शिरलं की आपली नजर आपोआप खराब झाडाकडे जाते. वीस खराब झाडं बघून माणूस म्हणतो, सगळं गेलं. किंवा चांगली सरी लागली तर म्हणतो, काही नाही. म्हणून झाडं निवडायची नाहीत. बांधाकडचे चार-पाच तास, म्हणजे ओळी, सोडून आत जा, वाकडंतिकडं नागमोडी चाला, पाच ठिकाणी थांबा. थांबाल तिथं डोळे मिटून एका झाडाला हात लावा आणि तिथून त्याच ओळीतली सलग वीस झाडं बघा. एकही सोडायचं नाही. माझी पद्धत सांगतो: डाव्या खिशात मक्याचे वीस दाणे ठेवायचे, ताजं नुकसान असलेलं झाड दिसलं की एक दाणा उजव्या खिशात टाकायचा. ठिकाण संपलं की उजव्या खिशातले दाणे मोजून वहीत लिहायचे. तोंडी लक्षात ठेवायला गेलं की बारा-तेराव्या झाडाला कोणाचा तरी फोन येतो आणि आकडा जातो.

"ताजं नुकसान" या शब्दावर अडून बसा. यावर मी स्वतः एकदा चांगलाच आपटलोय. 2019 च्या खरिपात एका शेतकऱ्याला मी फवारणी सांगितली, त्यानं संध्याकाळी नीट पोंग्यात मारली. आठ दिवसांनी गेलो तर नव्या पानांवर भली मोठी छिद्रं. मी म्हटलं औषध लागू पडलं नाही, दुसरं मारा. त्यानं मारलं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याच्या बायकोनं विचारलं, "भाऊ, अळी कुठंय ते तर दाखवा." वीस पोंगे उघडले, एकही जिवंत अळी नाही. मक्याचं पान पोंग्यात गुंडाळलेलं असतानाच खाल्लं जातं आणि नुकसान दिसतं ते पान उलगडून बाहेर आल्यावर, पाच-सात दिवसांनी. पान वाढतं तसं टाचणीएवढं भोक रुपयाएवढं होतं. ती छिद्रं पहिल्या फवारणीच्या आधीची होती. दुसऱ्या फवारणीचे पैसे त्यांचे गेले, माझ्या चुकीमुळे. तेव्हापासून मी वरच्या उलगडलेल्या पानाला फारसं महत्त्व देत नाही. पोंग्यातलं सगळ्यात कोवळं पान, ओली विष्ठा आणि जिवंत अळी, या तिन्हींपैकी काहीतरी असेल तरच दाणा उजव्या खिशात.

आकडा आल्यावर काय करायचं?

शंभरात पाचपेक्षा कमी निघाली तर काही फवारू नका. पुंजके चिरडा, दिसतील त्या अळ्या वेचा, तीन-चार दिवसांनी पुन्हा मोजा. तुमच्या वयाच्या मक्याला अजून पाच-सहा पानं आहेत आणि त्याचा वाढीचा कोंब जमिनीच्या पातळीखालीच किंवा जेमतेम वर आहे. वरची पानं फाटली तरी तो नवं पान काढतो. वडील म्हणतात ते इथं खरं आहे. पाऊस ओढ देत असेल, पीक तहानलेलं असेल, तर मात्र त्याच्या भरून काढण्यावर फार विसंबू नका.

पाच ते दहाच्या दरम्यान असेल आणि अळ्या लहान, सेंटीमीटरच्या आतल्या असतील तर 5 टक्के निंबोळी अर्क, किंवा ॲझाडिरॅक्टिन 1500 पीपीएम लिटरला 5 मिली. पंधरा लिटरच्या पंपाला 75 मिली होतं. पुंजके आणि नुकत्याच निघालेल्या अळ्यांवर याचा उपयोग होतो, मोठ्या अळीवर नाही. घरी बाया-पोरं असतील आणि क्षेत्र थोडं असेल तर बारीक कोरडी वाळू नऊ भाग आणि चुना एक भाग असं मिसळून चिमूटभर पोंग्यात टाकणंही चालतं. साडेतीन एकराला मजुरी परवडते का ते तुम्ही बघा, मला शंका आहे.

दहाच्या वर गेलं आणि ओली विष्ठा सगळीकडे असेल तर रासायनिक फवारणी करा, उशीर करू नका. इथं दुकानदार खरा. पण त्याच्या तीन बाटल्या नाही, एकच. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल 18.5 टक्के एससी लिटरला 0.4 मिली, म्हणजे पंपाला 6 मिली. किंवा स्पिनेटोरम 11.7 टक्के एससी लिटरला 0.5 मिली, म्हणजे पंपाला साडेसात. किंवा इमामेक्टिन बेन्झोएट 5 टक्के एसजी लिटरला 0.4 ग्रॅम. यातलं एक. घेण्याआधी लेबलवर मका आणि ही अळी आहे ना ते बघा. पुढं महिन्याभरात पुन्हा गरज पडली तर त्याच गटातलं औषध परत वापरू नका, अळीला सवय होते.

तीन औषधं एकत्र मारण्याचा मला रागच आहे. एकाच अळीसाठी तीन विषं, त्यातली दोन बहुतेक वेळा वाया. शिवाय मिश्रणाची वाफ आणि तुषार फवारणाऱ्याच्या अंगावर. 2017 साली यवतमाळात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण विसरलोय असं वाटतं. तेव्हाही डोक्याएवढी वाढलेली कपाशी आणि मिश्रणं हे मुद्दे पुढं आले होते. मका तर छातीच्या वर सहज जातो. तेव्हा उंच मक्यात घुसून फवारायची वेळच येऊ नये, यासाठीही आत्ताच मोजायला सांगतोय.

फवारणी कशी करता यावर अर्धा निकाल ठरतो. तणनाशकाचा चपटा फवारा देणारं नोझल काढून ठेवा, बारीक गोल फवारा देणारं लावा, आणि पंप आधी दोन-तीनदा धुऊन घ्या. नोझल पोंग्याच्या बरोबर वर, वीतभर उंचीवर धरा. पानं ओली करण्यात अर्थ नाही, पाणी पोंग्यात उतरलं पाहिजे. या वयाला एकरी आठ-दहा पंप पुरतात. वेळ संध्याकाळची, ऊन उतरल्यावर. अळी दिवसा पोंग्यात खोल असते, अंधार पडायला लागला की वर येते. मी कधीकधी सात वाजता टॉर्च घेऊन जातो. दुपारी ज्या झाडावर काही सापडलं नव्हतं, त्याच्या पोंग्याच्या काठावर अळी निवांत खात बसलेली दिसते. दिवसा मोजून पाच-सहा असा काठावरचा आकडा आला तर तुम्हीही एकदा टॉर्च घेऊन जाऊन या.

फवारल्यावर तिसऱ्या दिवशी तीच मोजणी पुन्हा. पण या वेळी छिद्रं बघायची नाहीत, पोंगे उघडून अळ्या जिवंत आहेत का मेल्यात ते बघायचं. काळ्या पडलेल्या, मऊ, लोंबणाऱ्या अळ्या म्हणजे काम झालं. पावसाची झड लागलेली असेल तर आणखी एक गोष्ट दिसते. अळी पानाला चिकटून कडक झालेली, आधी पांढरी, मग हिरवट, खडूच्या तुकड्यासारखी. ती औषधानं मेलेली नसते, बुरशीनं मेलेली असते. ढगाळ, दमट आठवड्यात ही बुरशी फुकटात इतकं काम करते की शंभरातली वीस झाडं खाल्लेली असूनही मी फवारणी थांबवायला सांगितलीय, कारण उघडलेल्या दहा पोंग्यांतल्या आठ अळ्या अशा खडू झालेल्या होत्या. नुसता टक्का बघून हे कळलं नसतं. तसंच पोंग्यात शेपटीला चिमटा असलेले तपकिरी किडे पळताना दिसले तर त्यांना मारू नका. ते अंडी आणि लहान अळ्या खातात.

शेजाऱ्याचा मका. तो तुमच्या दृष्टीनं खरी काळजीची गोष्ट आहे. त्यातल्या मोठ्या अळ्या आता मातीत उतरतील, आठ-दहा दिवसांत पतंग बाहेर पडतील आणि त्यांना कोवळा मका हवा असतो. कोवळा मका म्हणजे तुमचा. तोवर तुमच्या बियाण्याची प्रक्रिया संपलेली असेल. म्हणून पुढचे दोन आठवडे तुमच्यासाठी आत्तापेक्षा जास्त जोखमीचे आहेत, आज आकडा कमी आला तरीही. एकरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाच्या गोळीनं नर पतंग ओढणारे) लावा, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच, आणि पीक वाढेल तसे वर सरकवत जा. गोळी बदलायची मुदत पाकिटावर असते, ती पाळा. जुनी गोळी लावून "सापळ्यात काहीच येत नाही" म्हणणारे मला दर हंगामात भेटतात. सापळ्याचा उपयोग किती मेले हे बघण्यापेक्षा कधी आले हे कळण्यासाठी करा. एका सापळ्यात तीनच्या आसपास पतंग सापडायला लागले की दुसऱ्या दिवसापासून पुंजके शोधायला लागा. नर पतंगाच्या पुढच्या पंखाच्या टोकाशी पांढरा डाग असतो. दुसरे पतंगही सापळ्यात येतात, ते यात धरू नका.

आणि शेजाऱ्याशी बोला. त्याचा मका महिन्याचा आहे, म्हणजे त्यालाही अजून उपाय आहे. मोठ्या अळीला फवाऱ्यापेक्षा आमिष बरं पडतं: दहा किलो भाताचा कोंडा आणि दोन किलो गूळ दोन-तीन लिटर पाण्यात कालवून चोवीस तास आंबवायचा, टाकायच्या अर्धा तास आधी त्यात 100 ग्रॅम थायोडिकार्ब मिसळायचं आणि संध्याकाळी बोराएवढी गोळी एकेका पोंग्यात टाकायची. हातमोजे घालून. कोंबड्या, कुत्री, जनावरं त्या शेतात जाणार नाहीत याची खात्री असेल तरच. तुरा बाहेर पडल्यावर मात्र त्यालाही सांगा, आता खर्च करू नको. त्या टप्प्याला फवारणीचा खर्च सहसा वसूल होत नाही, कणसात दिसली तर हातानं वेचायची.

तुमच्याकडे दुभती जनावरं आहेत असं लिहिलंय. यातला काही मका हिरवा कापून घालणार असाल किंवा मुरघास करणार असाल तर तो तुकडा आत्ताच वेगळा ठरवा आणि तिथं शक्यतो निंबोळी, वेचणी यावरच भागवा. रासायनिक मारलंच तर लेबलवर काढणीआधी किती दिवस थांबायचं ते दिलेलं असतं, तेवढे दिवस तिथली एक पेंढीही गोठ्यात जाऊ देऊ नका.

मोजणीला जाल तेव्हा एक काम करा. पाच ठिकाणांपैकी एक मुद्दाम पूर्वेच्या बाजूला घ्या, बांधापासून चार-पाच तास सोडूनच, आणि पाचही आकडे वेगवेगळे लिहा, बेरीज करून एकच नको. पूर्वेला वीसात सहा आणि बाकीकडे वीसात शून्य-एक असं निघालं तर बेरीज आठ-नऊ येईल, पण फवारायची फक्त पूर्वेची पट्टी, तीन पंपांत काम होईल. आकडे, सापडलेल्या सगळ्यात मोठ्या अळीची लांबी आणि बियाण्याच्या पिशवीवरचं लेबल एवढं कळवा, मग कोणती बाटली ठेवायची आणि कोणत्या दोन परत करायच्या ते सांगतो.